हाताला न कळलेले पाणी

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते. एकतीस वर्षे धारवाडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके जागच्या जागी लावणे हे माझे काम होते आणि ते मला मनापासून आवडत असे. आता एकसष्टाव्या वर्षी स्वतःविषयी चार पाने लिहायला बसणे म्हणजे परक्या घरी न विचारता खुर्चीवर बसण्यासारखे वाटते. तरी बसले आहे, कारण आजार कळला तेव्हा ग्रंथपालाच्या जुन्या सवयीने मी मराठीत कोणा रुग्णाने लिहिलेले एखादे पान शोधले होते. मला ते मिळाले नाही. कदाचित माझे शोधणे कमी पडले असेल. वैद्यकातले मला जेवढे समजले तेवढेच लिहिते. चुकले तर वाचकांनी क्षमा करावी.

*

आमच्या घरात माझ्या हातांचे फार कौतुक होते. तव्यावरची ज्वारीची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या बायका धारवाडात घरोघरी आहेत, त्यात विशेष काही नाही. पण मी तापलेला तवाही कडेला धरून खाली उतरवत असे. उतू जाणाऱ्या दुधाचे पातेले पदरही न लावता उचलत असे. माझे यजमान वकील आहेत. हुबळीला कोप्पीकर रोडवर त्यांचे कार्यालय आहे. घरी पक्षकार जेवायला असले की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : "आमच्याकडं सांडशी हरवली तरी चालते, ही तेवढी हरवायला नको."

सगळे हसत. मीही हसत असे. बोटांवर पांढरे वण होते, ते मला कष्टाची खूण वाटत. चारचौघांत बोलताना माझी जीभ अडखळते, कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसते; पण माझ्या हातांविषयी कोणी बोलले की मला थोडे उंच झाल्यासारखे वाटे. आमच्याकडे बाईच्या हाताला चटका बसत नसेल तर तिला सुगरण म्हणतात. तिला डॉक्टरकडे न्यावे, असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नाही.

*

अनघा ही आमची एकुलती एक मुलगी. यंदा पहिल्या बाळंतपणासाठी ती पुण्याहून धारवाडला, केलगेरीच्या आमच्या घरी आली आणि मुलगी झाली. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला गंगव्वा येत असे. ही आमच्या भागातली जुनी, अनुभवी बाई. अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलते आणि दोन्हींत कोणाची भीड ठेवत नाही. खरे तर बाळाला न्हाऊ घालणेही तिचेच काम. ते मी हट्टाने स्वतःकडे ठेवले होते.

"अक्का, सगळं तुम्हीच केलात तर मी काय नुसती आरती ओवाळायला येऊ?" ती म्हणे.

पण मी ऐकत नसे. पाटावर बसून पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथे घ्यायचे, पाठीला तेल जिरवायचे, मग तांब्यातांब्याने ऊन पाणी सोडायचे. भावजयांची, शेजारणींची अशी कितीतरी बाळे मी पायांवर घेतली होती. जगात एवढीच एक जागा होती, जिथे मला संकोच वाटत नसे.

बाळ पन्नास दिवसांचे होते. चैत्राचे दिवस होते. आमच्याकडे अंघोळीचे पाणी छपरावरच्या सोलरचे. ते रोज सारखे नसते. दोन दिवस आभाळ भरलेले होते आणि पाणी कोमट येत होते. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडले. मी रोजच्याइतके गार पाण्याचे विसण घातले आणि बादलीत हात घालून पाहिला. पाणी ओले होते, मऊ होते. मला ते बरोबर वाटले.

पहिला तांब्या मी बाळाच्या कमरेवर सोडला. तिथून पाणी माझ्या नडग्यांवर उतरले आणि माझे पाय मला न विचारता आखडले. त्याच क्षणी बाळाने जो सूर काढला तो मी इथे लिहू शकत नाही.

"नीर सुडाकत्ताव, अक्का! पाणी पोळतंय!" गंगव्वाने बाळाला माझ्यावरून उचलले आणि थंड पाण्याच्या नळाखाली धरले. अनघा ओल्या केसांनी धावत आली.

बाळाच्या पाठीचा खालचा भाग लाल झाला होता आणि डाव्या बाजूला चिंचोक्याएवढा फोड आला होता. बालरोगतज्ज्ञांनी मलम दिले. बारा दिवसांत सारे भरून आले, आता खूणही नाही. पण त्या संध्याकाळी अनघाने मला विचारले, "आई, तू हात घालून बघितलं होतंस?"

"बघितलं होतं गं."

"नीट?"

"नीट बघितलं होतं, अनू."

"मग हे कसं झालं?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवसापासून तिने बाळ गंगव्वाच्या हाती दिले. मी चहा घेऊन खोलीत गेले की ती बाळाला हलकेच पलीकडच्या कुशीवर घेई. तिने मला निष्काळजी म्हटले असते तर मी ते सोसले असते. पण मी न बघताच बघितले म्हणते आहे, असे तिला वाटत होते. आणि ते खोटे आहे, हे तिला पटवण्याचा कोणताही मार्ग मला दिसत नव्हता.

*

तीन-चार दिवसांनी मागच्या अंगणात दुपटी पिळताना गंगव्वा म्हणाली, "अक्का, एक बोलू? राग मानू नका."

"बोल की."

"त्या दिवशी तुम्ही पाय ओढलात. हात नाही ओढलात. हात तर तुमचा बादलीतच होता, दुसरा तांब्या भरायला."

तिने माझा हात धरून उलटा केला. मनगटापर्यंतची कातडी सोलवटली होती. "हे कधी झालं ते तरी कळलं का तुम्हाला?"

कळले नव्हते. "अनूला यातलं काही सांगू नकोस," मी म्हणाले.

त्या दुपारी सगळे निजल्यावर मी ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत माठातले पाणी, दुसरीत नुकतेच उकळलेले. डोळे मिटून वाट्या चार वेळा इकडच्या तिकडे केल्या आणि एकेका वाटीत बोट बुडवले. दोन्हींत मला पाणीच लागले. नुसते पाणी. डोळे उघडले तेव्हा माझे बोट जिच्यात होते त्या वाटीतून वाफ येत होती.

मी वाट्या धुतल्या, पुसल्या, मांडणीवर ठेवल्या. त्यानंतर नऊ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. त्याचे कारण लिहायला लाज वाटते. एक तर, सांगितले असते तर बाळ कायमचे माझ्यापासून दूर गेले असते. आणि दुसरे, मला वाटले की ही सबब वाटेल. चूक झाल्यावर दोन आठवड्यांनी माणूस म्हणतो, माझ्या हातालाच कळत नाही. कोण विश्वास ठेवील?

शेवटी गंगव्वानेच तोंड उघडले. अनघा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "गंगव्वा म्हणते ते खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार, अनू?"

"उद्या हुबळीला डॉक्टरांकडे जाऊ. मी बाबांना सांगते गाडी काढायला." इतके बोलून ती गेली. माझ्यावर विश्वास बसला की नाही, ते तिच्या आवाजावरून कळेना.

*

दुसऱ्या दिवशी बाळाला दोन-अडीच तास गंगव्वाकडे ठेवून आम्ही निघालो. यजमान गाडी चालवत होते, अनघा मागे बसली होती. वाटेतले नवनगर मागे पडले.

मेंदू व मज्जासंस्थेचे ते डॉक्टर वयाने अनघाएवढेच असतील. ते कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत लिहिते. त्यांनी कागद बघितले नाहीत. आधी माझी बोटे हातात घेतली.

"अम्मा, भाकरी रोज करता?"

"होय."

"चिमटा, फडकं काही नाही?"

"तिला लागतच नाही डॉक्टर," यजमान सवयीने म्हणाले, जरा अभिमानानेच. आणि वाक्य संपता संपता त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षे आपण कशाचे कौतुक करत होतो, ते त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगले.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले.

"आता काय लागतंय?"

"कापूस. मनगटावर."

"आता?"

"कापूसच. करंगळीवर."

"छान. आता?"

"काच."

"गरम की गार?"

मी पुष्कळ प्रयत्न केला. परीक्षेत उत्तर येत नसताना होते तसे झाले. "काच आहे," मी पुन्हा म्हणाले. "गुळगुळीत आहे."

दंडावर, खांद्यावर, मानेच्या मागे, सगळीकडे काचच. मग त्यांनी तीच गरम पाण्याची काचेची नळी माझ्या पोटरीला लावली आणि मी ओरडले, "गरम!"

डोळे उघडले तेव्हा अनघा उभी होती. तिने डॉक्टरांना विचारले, "म्हणजे हिनं पाण्यात हात घालून नीट बघितलं असतं, तरी..."

"तरी कळलं नसतं. पाणी आहे एवढं हाताला कळतं. ते पोळतंय हे कळत नाही."

अनघा माझ्याजवळ बसली. तिने माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटावरचा वण अंगठ्याने चाचपत गेली. "आई, किती वर्षांपासून गं?"

"मला वाटायचं, मला भाकऱ्या चांगल्या जमतात," मी म्हणाले.

*

एम.आर.आय. झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर माझी मान दाखवली. मणक्यांच्या आतली ती करड्या रंगाची दोरी, म्हणजे मज्जारज्जू. अंगावर जे जे घडते त्याच्या बातम्या तिच्यातूनच मेंदूकडे जातात आणि मेंदूचे हुकूम तिच्यातूनच खाली येतात. माझ्या दोरीच्या मधोमध एक लांबट पोकळी होती, पाण्याने भरलेली.

"अम्मा, हुबळी-धारवाड रस्ता डोळ्यांपुढं आणा," ते म्हणाले. "नवनगरपाशी रस्त्याच्या मधोमध मोठा खड्डा पडलाय. कडेकडेनं सरळ जाणाऱ्या गाड्या जातील. पण ज्यांना नेमका तिथंच रस्ता ओलांडायचा आहे, त्या अडकतील. बरोबर?"

"बरोबर."

"स्पर्शाची बातमी सरळ वर जाते. ऊन, गार, दुखणं, या बातम्या आत शिरल्या की आधी दोरी ओलांडतात आणि मग वर जातात. तुमच्या हातांच्या बातम्या जिथं ओलांडतात, नेमका तिथं खड्डा आहे. पायांच्या बातम्या खूप खालीच ओलांडून कडेनं येतात, म्हणून पाय शाबूत."

मी विचारले, त्या दिवशी माझे पाय मला न विचारता कसे आखडले. ते म्हणाले, भाजल्यावर अवयव मागे घेण्याचा निर्णय मज्जारज्जू स्वतःच घेतो, मेंदूला नंतर कळवतो. हाताकडून तशी तक्रारच तिथपर्यंत पोहोचत नव्हती. शाळेत मीही हे कधीतरी पाठ केले होते. आपल्याच शरीरात ते कोणी अहोरात्र सांभाळत असते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

इथे एक गोष्ट खरी लिहिली पाहिजे. आजार कळला तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला. भीती नंतर आली. बाहेर बाकावर बसून मी मनाशी म्हणत होते, मी खोटे बोलले नव्हते, मी बघितले होते. डोक्याच्या तळाशी माझा लहान मेंदू जन्मापासूनच थोडा खाली सरकलेला आहे, त्यामुळे पाणी अडून ही पोकळी झाली, तिथले हाड कापून जागा करावी लागेल, असे त्यांनी नुकतेच सांगितले होते. आणि मी मात्र निर्दोष सुटलेल्या माणसासारखी बसले होते.

*

भीती आली ती आठ दिवसांनी, हुबळीच्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. शस्त्रक्रियेने गेलेले परत येईलच असे नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. उद्देश होता पुढचे थांबवण्याचा. न थांबवले तर हातांची ताकद जाईल, पुढे पायांपर्यंतही जाईल. मला मरणाचे भय वाटले नाही. स्पर्शही गेला तर, हे भय वाटले. बाळाच्या टाळूवरची लव हाताला लागते ती आणखी किती दिवस, असा हिशेब मी उशीवर डोके ठेवून करत असे.

रुग्णालयाचा दिवस सकाळी सहाला सुरू होई. सिस्टर येऊन रक्तदाब बघत, मग शिकाऊ डॉक्टर टाचणी आणि कापूस घेऊन येत. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरे. शस्त्रक्रियेनंतर सहा दिवस मान हलवता येत नव्हती. मळमळ इतकी की पंख्याकडे बघितले तरी उलटी होई. शिंक आली की डोक्यात मागच्या बाजूला कोणी खिळा ठोकतो आहे असे वाटे, आणि त्याही स्थितीत मला एक विचित्र समाधान वाटले : हे दुखणे तरी मला कळते आहे.

यजमान चिडचिडे झाले होते. कँटीनमधल्या उप्पिटावर, लिफ्टवर, माझ्या औषधांच्या वेळांवर, कशावरही ते रागावत. एका संध्याकाळी कार्यालयातून आले ते पिशवी घेऊन. पिशवीत तीन सांडश्या होत्या.

"तीन कशाला?" मी विचारले.

"एक वापरायला. एक हरवायला. एक..." त्यांना तिसरीचे कारण सुचेना. मग ते माझ्या चहाचा पेला उचलून आपल्या ओठांना लावून किती गरम आहे ते बघू लागले, आणि बराच वेळ पेला तोंडापासून खाली घेईनात. त्यांनी क्षमा मागितली ती एवढीच. मला पुरली.

गंगव्वाही एकदा बस पकडून आली. माझ्या मानेच्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, "अक्का, लवकर घरी या. तुमची मुलगी पाण्यात काचेची नळी बुडवून आकडा वाचते, मग मला पाणी घेऊ देते. एवढी पोरं न्हाऊ घातली मी, आता नळीला विचारून न्हाऊ घालायचं!"

"रागावू नकोस तिच्यावर."

"रागावते कशाला? बरोबरच आहे तिचं." मग म्हणाली, "मी सांगून टाकलं म्हणून तुम्हाला राग आहे का?"

मी तिचा हात धरला. तो खरखरीत होता. ऊन होता की गार, ते कळले नाही.

*

आता मी कशी राहते, ते थोडक्यात सांगते; कोणाला उपयोग झाला तर व्हावा. कातडीचे काम मी डोळ्यांकडे दिले आहे. वाफ दिसते का, कडेला बुडबुडे आहेत का, हे बघितल्याशिवाय भांड्याला हात लावत नाही. वाफ न येणारे भांडे अधिक फसवे असते. अंघोळीचे पाणी पायाच्या अंगठ्याने बघते. रात्री निजण्यापूर्वी दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट तपासते. कापले, भाजले असेल तर ते तेव्हाच कळते. भाकरी करते, पण सांडशीने. ती पूर्वीसारखी फुगत नाही आणि घरात कोणी तसे बोलून दाखवत नाही. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे जरा अशक्त आहेत, म्हणून बरण्यांची झाकणे यजमान उघडतात. पोकळी लहान झाली आहे, नाहीशी झालेली नाही. दर सहा महिन्यांनी कापूस, टाचणी आणि गरम-गार पाण्याच्या दोन नळ्या. परवाच्या तपासणीत हातांना पुन्हा काचच लागली. पायांना मात्र सारे कळले.

"पाय उत्तम आहेत, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "आज तरी."

ते दोन शब्द मी घरी घेऊन आले आहे.

*

अनघा पुण्याला परत गेली तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते. आता दहावा महिना चालू आहे. ती रांगते, धरून उभी राहते. दोघी इकडे आल्या की मी तिला मांडीवर घेते, खेळवते, भरवतेही; भात आधी अनघा किंवा यजमान बघतात. पाण्याजवळ मात्र मी तिला कधी नेलेले नाही. कोणी मला बंदी केलेली नाही. मीच जात नाही.

गेल्या आठवड्यात अनघाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, रविवारी येतेय. यावेळी बाळाला तू न्हाऊ घाल."

"नको गं. गंगव्वा आहे की."

"गंगव्वा आहेच. पाणी मी बघते, तांब्याही मीच ओतते. तू फक्त पाय पसर. ती तुझ्या पायांवर हवी मला. अजून दोन महिन्यांनी ती पालथी राहणारच नाही, पळून जाईल."

"माझी दोन बोटं धड नाहीत, अनू. तेलकट बाळ असतं ते. निसटलं तर?"

"मी समोर बसणार आहे ना."

"आणि पायांनाही एक दिवस कळेनासं झालं तर?"

"त्या दिवशी बसू नकोस. रविवारी बस."

मी बघू म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या विश्वासासाठी मी नऊ दिवस तोंड मिटून झुरले, तो तिने मला आपण होऊन दिला आहे. तो घ्यायला माझेच हात पुढे होत नाहीत. तिने माझ्यावर भरवसा ठेवावा, एवढेच मला हवे होते. स्वतःवर तो ठेवणे मला या वयात नव्याने शिकावे लागेल, हे माहीत नव्हते. तो पहिला तांब्या अजून माझ्या कानात आहे. आणि बाळाचे वजन अजून नडग्यांना आठवते, हेही तितकेच खरे आहे.

आज सकाळी यजमानांनी माळ्यावरून पाट काढला, धुतला आणि अंगणात उन्हाला लावला. आज शुक्रवार आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर परवा त्या पाटावर बसला असता का?